पट्टी संपली तिथून पुढे

माईआत्याच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि ती पंधरा दिवस माझ्याकडे राहायला आली. तिचं पंचवटीतलं घर दुसऱ्या मजल्यावर, बिनलिफ्टचं. माझं गंगापूर रोडचं तळमजल्यावर, म्हणून इथे. आठवडाभर तिनं काळा चष्मा लावून नुसता रेडिओ ऐकला. डॉक्टरांनी टीव्हीला हरकत नाही म्हणून सांगितलं, त्या संध्याकाळी चहा पिताना ती म्हणाली, "ते आईचं जर्मन राणीचं पिक्चर आहे का गं तुझ्याकडे?"

माईआत्या पंच्याऐंशीची आहे. तिची आई म्हणजे माझी आजी. तिला जाऊन तीस वर्षं होऊन गेली.

"आहे की. तिन्ही भाग आहेत," मी म्हटलं.

तिनं कप बशीत ठेवला. "तीन? आपल्याला तर दीडच माहीत."

खरं आहे. आमच्या घराला दीडच माहीत होता.

बाबा मायकोत, म्हणजे बॉश या जर्मन कंपनीच्या इथल्या कारखान्यात होते. १९८६ साली त्यांना सहा महिने ट्रेनिंगसाठी स्टुटगार्टला पाठवलं. तिथे ते एका म्हाताऱ्या बाईंकडे खोली घेऊन राहायचे. बाबा परत निघाले ते नाताळ झाल्यावर. त्या बाईंनी टीव्हीवर नाताळात लागलेला सिनेमा कॅसेटवर उतरवला आणि घरच्यांसाठी म्हणून बाबांच्या हातात दिला. कॅसेटच्या पाठीवर चिकटवलेल्या कागदावर निळ्या शाईनं, तिरक्या अक्षरात एकच शब्द: सिसी. तिकडची आणि आपली टीव्हीची पद्धत एकच, पाल, म्हणून ती आपल्याकडे लागली. शेजारच्यांच्या मुलानं अमेरिकेहून आणलेल्या कॅसेटींवर नुसत्या मुंग्या दिसायच्या.

तेव्हा आम्ही तिवंध्याजवळच्या वाड्यात राहायचो. बाबांनी येताना कॅसेट लावायचा व्हीसीपीही आणला होता. तो टीव्हीखालच्या फडताळात, क्रोशाच्या रुमालाखाली. रविवारी दुपारी जेवणं उरकली की माईआत्या पंचवटीतून यायची आणि आजी फर्मान काढायची, "लावा ती राणी." आमच्यात जर्मन कुणालाच येत नव्हतं. बाबांना येत होतं ते स्क्रू, ड्रिल आणि 'उद्या सकाळी सात वाजता' एवढंच. खाली इंग्रजी अक्षरंही नव्हती. त्यामुळे सिनेमा आम्हाला आजीनं सांगितला.

आजी वाती वळत बसायची. समोर ताटात पिंजलेला कापूस, एका वाटीत चिमूटभर राख. बोट राखेत टेकवायचं, कापसाचा पुंजका तळहातावर घ्यायचा, एकदाच घासायचा की वात तयार. नजर टीव्हीवर. वातींचे जुडगे काळारामाला जायचे. आणि तोंडानं अखंड गोष्ट चालू असायची.

"हा राजा. आई म्हणेल ती पूर्व दिशा. आईनं मुलगी बघून ठेवलीय, मावसबहीणच. ही बघ, थोरली. नटून बसलीय बिचारी. आणि ही धाकटी, हिला सोबतीला म्हणून आणलीय. मुलगी दाखवायला नेताना धाकटीला कधी न्यायचं नसतं!"

गोष्ट तशीच आहे, आणि ती घडलेलीही आहे. १८५३ चा ऑगस्ट, बाड इशल हे डोंगरातलं हवा खायचं गाव. ऑस्ट्रियाचा सम्राट फ्रान्झ योसेफ तेवीस वर्षांचा होत होता. त्याची आई सोफी आणि मुलींची आई लुडोविका या सख्ख्या बहिणी. ठरलं होतं थोरल्या हेलेनशी, आणि त्यानं पसंत केली धाकटी एलिझाबेथ, म्हणजेच सिसी. ती पंधरा वर्षांची होती. पुढच्या एप्रिलमध्ये, १८५४ साली व्हिएन्नात लग्न झालं तेव्हा सोळा. आजीचं लग्नही सोळाव्या वर्षी झालेलं, पण हा हिशेब मी फार उशिरा केला.

सिनेमात धाकटी मासे धरायला जाते, गळ मागे फेकते आणि तो वाटेनं गाडीतून चाललेल्या राजाच्या कोटात अडकतो. या जागेवर आजी दर वेळी हसायची. मग रानातला प्रसंग. दोघंच फिरतायत, राजाला ही कोण ते माहीत नाही. आजी म्हणायची, "नाव खोटं सांगितलंन हं पोरीनं. डोळे बघ तिचे." मग राजा काहीतरी बोलतो आणि मुलीचा चेहरा खाडकन उतरतो. "झालं! याचं हिच्या बहिणीशी ठरतंय ते आत्ता कळलं हिला."

मला वाटायचं आजी मनचंच सांगते. पुढे मी जर्मन शिकले, अंबडच्या कंपन्यांची मशिनची पुस्तकं मराठीत आणत आयुष्य काढलं, आता क्लास घेते. २०११ मध्ये कामानं म्युनिकला गेले तेव्हा तिन्ही भागांच्या डीव्हीडी घेऊन आले आणि इथे एका रात्री एकटीनं लावल्या. रानातल्या प्रसंगात ती त्याला सांगते, मी पोसेनहोफेनची लीझल. खोटं नाव. आणि तो सांगतो की आज त्याचा साखरपुडा आहे, नेनेशी. नेने म्हणजे तिची थोरली बहीण. मी डीव्हीडी थांबवली आणि बराच वेळ तशीच बसून राहिले. आजीनं शब्द न शब्द बरोबर पकडला होता.

चुकली ती एकाच बाबतीत. ब्योकल म्हणून एक पोलीस अधिकारी आहे, राजाच्या बंदोबस्ताला नेमलेला, प्रत्येक ठिकाणी कटाचा वास घेणारा. योसेफ माइनराडनं तो फार मायेनं केलाय. आजी शेवटपर्यंत त्याला लग्न जमवणारा मध्यस्थ समजत होती. "याची दलाली बुडाली, म्हणून हिंडतोय मागे मागे."

आजीला हा सिनेमा परका का वाटला नाही, याचं उत्तर मला पुढे व्हिएन्नाच्या ऑपेरेटाबद्दल वाचताना मिळालं. आजी संगीत नाटकांवर वाढलेली. विजयानंद थिएटरला नाटक कंपनी आली की तिचे वडील घरादाराला घेऊन जायचे. बोलता बोलता माणूस गायला लागतो, यात तिला काही विचित्र वाटत नव्हतं. ऑपेरेटा म्हणजे त्यांचं संगीत नाटक. आपल्यापेक्षा नाच जास्त, विनोद जास्त, शेवट बहुतेक गोड. आणि ही सिसी मुळात त्या रंगभूमीवरूनच आली. एर्न्स्ट मारिश्कानं भाऊ हुबर्ट याच्याबरोबर सिसीवर एक संगीत नाटक लिहिलं होतं, फ्रिट्झ क्राइस्लरच्या संगीतानं ते १९३२ मध्ये व्हिएन्नात रंगमंचावर आलं. तेवीस वर्षांनी त्याच मारिश्कानं सिनेमा काढला. क्राइस्लरचं संगीत त्यात नाही, संगीत आंटोन प्रोफेसचं. सिनेमात पात्रं फारशी गात नाहीत. पण माणसांचं येणं, वळणं, थांबणं सगळं तालावर आहे. आजी म्हणायची, "मागे पेटी चालू आहे, ऐकू येत नाही एवढंच."

आता १९५५ बद्दल सांगायलाच हवं, कारण त्याशिवाय हे सिनेमे नुसते गोड वाटतात आणि लोक ते बाजूला सारतात.

युद्ध संपल्यावर व्हिएन्नाचे चार तुकडे झाले होते. अमेरिकन, ब्रिटिश, फ्रेंच, रशियन. चौघांचे सैनिक दहा वर्षं तिथे होते. त्या व्हिएन्नाचा खरा चेहरा पाहायचा तर १९४९ चा ब्रिटिश सिनेमा 'द थर्ड मॅन' पाहावा. पडक्या भिंती, विटांचे ढीग, काळा बाजार, गटारं. त्यात एक दारवान आहे, खरं काय ते बोलायला तयार होतो आणि मारला जातो. तो नट पाउल ह्योर्बिगर. हाच माणूस ऑस्ट्रियन सिनेमातला लाडका गाणारा काका होता. नाझींनी १९४५ मध्ये त्याला तुरुंगात टाकलं होतं. सुटल्यावर दोन वर्षांनी, १९४७ मध्ये, तो 'डेर होफराट गायगर' या सिनेमात गातोय, द्राक्षमळ्यांच्या व्हाखाउ खोऱ्यातल्या श्पिट्झ नावाच्या गावात. एका सरकारी अधिकाऱ्याला जुनी फाइल चाळताना कळतं की आपल्याला अठरा वर्षांची मुलगी आहे, आणि तो तिला शोधत जातो. मारियांडल हे त्यातल्या मुलीचं नाव आणि गाण्याचंही. ते गाणं सगळ्या देशाच्या तोंडी झालं.

आम्हा नाशिककरांना द्राक्षमळ्यातला सिनेमा म्हटलं की जरा जास्तच जवळचा वाटणार. पण माझं लक्ष खिळलं ते त्या फाइलवर. दोन वर्षांपूर्वी युद्ध संपलंय, कितीतरी घरांत बाप, मुलगे परत आलेले नाहीत, कुणाचा पत्ता कुणाला नाही. अशा लोकांसमोर पडद्यावर एक माणूस कपाटातून कागद काढतो आणि त्याला हरवलेलं मूल सापडतं. थिएटरात अंधारात बसून त्या बायका काय बघत असतील? मारियांडल केली होती वाल्ट्राउट हासनं, तिचा पहिलाच सिनेमा. १९६१ मध्ये त्याच गोष्टीवर पुन्हा सिनेमा निघाला, तेव्हा हासनं त्यात आईची भूमिका केली.

परत १९५५ कडे. १५ मे रोजी व्हिएन्नाच्या बेल्वेडेर राजवाड्यात करारावर सह्या झाल्या, ऑस्ट्रिया मोकळा झाला. ऑक्टोबर संपेपर्यंत परके सैनिक निघून गेले. ५ नोव्हेंबरला व्हिएन्नाचं ऑपेरागृह पुन्हा उघडलं. ते १९४५ च्या मार्चमध्ये बाँबनं जळून गेलं होतं. पहिल्या रात्री बेथोव्हनचा 'फिडेलिओ' झाला, वाद्यवृंद चालवला कार्ल ब्योमनं. आणि त्यानंतर दीड महिन्यानं, डिसेंबरात, 'सिसी' थिएटरांत लागला. त्यातला तरुण सम्राट म्हणजे कार्लहाइन्झ ब्योम, याच कार्ल ब्योमचा मुलगा. बाप जळलेल्या ऑपेराचं दार उघडतोय आणि मुलगा पडद्यावर सम्राटाच्या गणवेशात. हे दोन्ही एकाच हिवाळ्यात पाहिलेल्या व्हिएन्नाकरांचा मला हेवा वाटतो.

रंग तर बघत राहावेत असे. अगफाकलर या रंगीत फिल्मचे ते लाल आणि हिरवे, जरा जास्तच पिकलेले, आपल्या जुन्या कॅलेंडरांवरच्या देवांसारखे. आमच्या कॅसेटवर ते निम्मे उडाले होते, शोनब्रुनचा पिवळा राजवाडा करडा दिसायचा. डीव्हीडीवर पहिल्यांदा तो पिवळा पाहिला आणि मला एकदम आजीला हाक मारावीशी वाटली.

माझी एक मैत्रीण आहे, वाचनालयात आमची नेहमी भेट होते. तिला हे सिनेमे अजिबात चालत नाहीत. तिच्या मते हा साखरेचा पाक आहे आणि मुद्दाम घातलेला आहे, खालचं सडलेलं दिसू नये म्हणून. तिच्या म्हणण्यातला अर्धा भाग मी मान्य करते, आणि तो अर्धा भाग फार जड आहे.

'इम वाइसेन र्योस्ल' हे संगीत नाटक घ्या. वोल्फगांगझे तळ्याकाठचं हॉटेल, मालकीण योसेफा, तिच्यावर जीव टाकणारा हेडवेटर लेओपोल्ड. साल्झकामरगुटमध्ये, म्हणजे त्या तळ्यांच्या मुलखात, मजाच मजा, असं त्यातलं गाणं. १९५२ मध्ये विली फोर्स्टनं त्यावर सिनेमा काढला, १९६० मध्ये पुन्हा निघाला त्यात पेटर आलेक्सांडर. ते हॉटेल अजून आहे, लोक मुद्दाम जाऊन राहतात. पण मूळ संगीत नाटक बर्लिनचं, १९३० चं. ते उभं करणारा एरिक शारेल ज्यू, गाणी लिहिणारा रॉबर्ट गिल्बर्ट ज्यू. नाझींनी नाटकावर बंदी आणली, दोघांना देश सोडावा लागला. व्हिएन्नाच्या संगीत नाटकाचे लेखक, गीतकार कितीतरी ज्यू होते. संगीतकार फ्रान्झ लेहारची सगळ्यांत गाजलेली प्रेमगीतं लिहिणारा फ्रिट्झ ल्योनर-बेडा १९४२ मध्ये आउशविट्झच्या छळछावणीत मारला गेला. आणि युद्धानंतर पडद्यावर तीच परंपरा गातेय, नाचतेय, तळ्यात होड्या चालल्यात, पण ती माणसं कुठे गेली हे कुणी विचारत नाही. मी पाहिलेल्या एकाही सिनेमात नाही. हे मला खटकतं, आणि खटकायलाच हवं. त्या गाण्यांवर ताल धरताना मी आता ल्योनर-बेडाचं नाव मनात घेते.

पण मैत्रिणीचा दुसरा अर्धा भाग मला पटत नाही. प्रेक्षकाला फसवलं, असं ती म्हणते. सडलेलं काय होतं ते प्रेक्षकाला माहीत होतं हो! तो त्यातूनच उठून थिएटरात आला होता. सिनेमात जे नाही ते तो घरून घेऊन यायचा. आमच्या आजीसारखा.

कॅसेट तीन तासांची होती. पहिला भाग लग्नावर संपायचा आणि लगेच दुसरा सुरू. हा १९५६ चा. सिसी आता सम्राज्ञी आहे, तिला मुलगी झालीय. ती बाळाच्या खोलीत जाते आणि खोली रिकामी. सासूनं बाळाला आपल्या महालात नेलंय, ते मीच वाढवणार म्हणून. तू स्वतःच अजून पोर आहेस.

इथे आजी बोलायची थांबायची. हात पण थांबायचा. तळहातावर अर्धी वळलेली वात तशीच, एक टोक पिळदार, दुसरं कापसाचं. आणि माईआत्या नेमकी याच वेळी चहा टाकायला उठायची. स्वयंपाकघरातून स्टोला पंप मारल्याचा आवाज यायचा. प्रत्येक रविवारी. मला ते दिसत होतं, कळत मात्र काही नव्हतं. आजी गेल्यावर कधीतरी बाबा बोलता बोलता म्हणाले की माई पहिली सात वर्षं त्र्यंबकला वाढली, पणजीजवळ. पणजी तिला महिन्याची असताना घेऊन गेली होती. एवढंच बोलले, मग विषय बदलला.

सिनेमात पुढे सिसी चिडून माहेरी निघून जाते, राजा तिला आणायला येतो, दोघं डोंगरात फिरायला जातात. आणि तिथेच पट्टी संपायची. खट्ट आवाज, निळा पडदा.

मूल मिळालं की नाही, हे आम्हाला कितीतरी वर्षं माहीत नव्हतं. रात्री आजीच्या कुशीत झोपताना मी विचारायची आणि आजी सांगायची. "सासू येते तिची. स्वतः येते. तिन्हीसांजेची वेळ, शालीत गुंडाळलेलं मूल घेऊन दारात उभी राहते. म्हणते, घे बाई तुझं तुला. रात्रभर आई आई करतं, मला आवरत नाही." हे सांगताना आजी नेहमी माझ्या डोक्यावर हात फिरवायची आणि पुढचं काही सांगायची नाही.

डीव्हीडीवर पाहिलं तर तसं काही नाही. मूल सिसीला मिळतं, पण सासू दारात येत नाही. शेवटी हंगेरीत दोघांचा राज्याभिषेक होतो, घोडे, झेंडे, जयजयकार. छान आहे, भव्य आहे. मला आजीचा शेवट जास्त आवडतो आणि मी तसं क्लासमध्येही सांगते.

सासूवरून आठवलं. गेल्या डिसेंबरात मी माझ्या बॅचला पहिला आणि दुसरा भाग दाखवला. आता जर्मन शिकायला येतात त्यात नर्सेस खूप असतात, तिकडे नोकरीला जायचं असतं. सिन्नरकडची एक मुलगी, दिवसभर आयसीयूत ड्यूटी करून आलेली, गोधडी पांघरून बसली होती, कारण थंडी मरणाची. सिनेमा संपल्यावर म्हणाली, "मॅडम, सासूला एवढं वाईट कशाला दाखवलंय? राज्य तीच चालवत होती ना?" मी म्हटलं, तू बरोबर धरलंस. १८४८ च्या बंडाळीत गादीवर हक्क होता सोफीच्या नवऱ्याचा. तिनं त्याला बाजूला व्हायला लावलं आणि अठरा वर्षांच्या मुलाला सम्राट केलं. स्वतः सम्राज्ञी व्हायचं सोडून दिलं तिनं. विल्मा डेगिशरनं ती इतकी ताठ उभी केलीय की नीट पाहिलं तर तिच्या मानेतला थकवा दिसतो. सिन्नरच्या मुलीला तो दिसला, मला इतकी वर्षं दिसला नव्हता.

खऱ्या सिसीचं पुढे काय झालं ते सिनेमा सांगत नाही. सासूनं वाढवायला घेतलेली ती पहिली मुलगी, तिचंही नाव सोफीच, हंगेरीच्या दौऱ्यात आजारी पडून २९ मे १८५७ रोजी गेली. दोन वर्षांची होती. खुद्द एलिझाबेथ १८९८ मध्ये जिनिव्हात तळ्याच्या काठी मारली गेली, एका माणसानं घासून टोक काढलेली कानस छातीत खुपसली. सिनेमातल्या लेकराला मात्र मारिश्कानं जगवलं. १९५७ च्या तिसऱ्या भागात, व्हेनिसमध्ये, सेंट मार्कच्या चौकात, ते आईकडे पळत येतं.

आणि सिसी झालेली रोमी श्नायडर. पहिला भाग आला तेव्हा सतरा वर्षांची. सिनेमातली तिची आई लुडोविका म्हणजे तिची खरी आई, माग्डा श्नायडर, जुन्या काळची मोठी नटी. चौथ्या भागासाठी लोक मागे लागले, पैसे पुढे केले, रोमी नाही म्हणाली आणि पॅरिसला निघून गेली. सिसी मला रव्याच्या खिरीसारखी चिकटलीय, असं ती म्हणायची. पुढे इटालियन दिग्दर्शक व्हिस्कोन्तीच्या 'लुडविग'मध्ये तिनं पुन्हा तीच एलिझाबेथ केली, काळ्या कपड्यातली, कडवट, एकटी. तो सिनेमा पाहिल्यावर पहिल्या सिसीचं हसणं वेगळं दिसायला लागतं. १९८१ मध्ये तिचा चौदा वर्षांचा मुलगा अपघातात गेला. पुढच्या वर्षी ती गेली, त्रेचाळीसाव्या वर्षी. तारीख २९ मे. कार्लहाइन्झ ब्योमनं नंतर सिनेमे मागे टाकले, इथिओपियातल्या दुष्काळग्रस्तांसाठी संस्था काढली आणि उरलेलं आयुष्य त्या कामाला दिलं. तो २०१४ मध्ये गेला. तारीख २९ मे. मी ज्योतिष मानत नाही, पण ही तारीख माझ्या डायरीत दर वर्षी असते आणि त्या दिवशी मी काहीतरी रव्याचं करते.

तर माईआत्या. पहिला भाग आम्ही एका संध्याकाळी पाहिला. मी भाषांतर करायला लागले तर म्हणाली, "तू गप्प बस. आई सांगायची ते मला पाठ आहे." गळ कोटात अडकला तेव्हा तिला आजीसारखंच हसू आलं, तेच, नाकातून. पिवळा राजवाडा आला तेव्हा म्हणाली, "अगं, हा पिवळा होय!"

दुसऱ्या संध्याकाळी दुसरा भाग. रिकाम्या खोलीचा प्रसंग जवळ आला तसं माझं लक्ष पडद्यावरून उडालं. मी तिच्याकडे बघत होते. ती उठली नाही. चहाचं नाव काढलं नाही. पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसून राहिली, आणि सगळा प्रसंग पाहिला. पट्टी संपायची तो डोंगर आला, गेला. राज्याभिषेक झाला.

"म्हणजे सासू नाही आणून देत मूल?"

"नाही."

"आई तुला काय सांगायची?"

मी सांगितलं. तिन्हीसांजा, दार, शाल, घे बाई तुझं तुला.

ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "शाल नव्हती. घोंगडी होती. त्र्यंबकचा पाऊस, टांगा निम्मा उघडा. मी सात वर्षांची घोडी, मला कोण गुंडाळणार? मीच गुंडाळून बसले होते." मग थांबून म्हणाली, "आई दारात उभी होती गं दोन्ही हात पुढे करून. आणि मी रडत होते. आजीचा पदर सोडत नव्हते. मला परत त्र्यंबकला जायचं होतं."

तिच्या डोळ्यात थेंब घालायची वेळ झाली होती. मी हात धुऊन आले, तिची मान खुर्चीच्या पाठीला टेकवली, आधी पांढऱ्या झाकणाची बाटली. थेंब घातल्यावर पाच मिनिटं डोळे मिटून ठेवायचे असतात.

"तिसरा लावून ठेव," ती डोळे मिटूनच म्हणाली.